रमजानमध्ये इजिप्तला जाताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पहिल्यांदा आम्ही रमजानमध्ये कैरोला गेलो ते ठरवून नव्हे. तिकीट स्वस्त दिसलं, काढून टाकलं, आणि ते स्वस्त का होतं हे नंतर कळलं. दुसऱ्यांदा मात्र मुद्दाम त्याच महिन्यात गेलो. तेव्हापासून ओळखीतलं कुणी इजिप्तला निघालं की फोन येतात आणि प्रश्न साधारण तेच असतात. म्हणून सगळी उत्तरं एकदाच लिहून ठेवली आहेत.

तिकीट काढून झालं आणि आता लक्षात आलं की त्या तारखांना रमजान आहे. रद्द करू का?

नको. पिरॅमिड, लक्सर, आस्वान, नाईलवरची क्रूझ, सगळं चालू असतं. बदलतं ते दिवसाचं वेळापत्रक. सकाळ उशिरा सुरू होते, दुपार सुस्त असते, सूर्यास्ताच्या सुमारास शहर तासभर थांबतं आणि रात्री आठ-नऊनंतर जे जागं होतं ते पहाटेपर्यंत. तुम्ही आपलं घड्याळ त्याप्रमाणे फिरवलंत तर इतर महिन्यांत न दिसणारं कैरो बघायला मिळतं. न फिरवता 'सकाळी नऊ ते संध्याकाळी सात' असा बेत रेटलात, तर बंद दारं आणि तुंबलेले रस्ते यांपलीकडे फारसं हाती लागणार नाही.

एक अपवाद सांगते. हाताशी तीन-चारच दिवस असतील आणि इजिप्तला पुन्हा येणं होणार नसेल, तर तारखा बदलता आल्या तर बदला. कमी दिवसांत रमजानचे आखूड तास जाचतात.

दरवर्षी तारखा बदलतात त्या कशा?

हिजरी, म्हणजे इस्लामी, वर्ष पूर्णपणे चंद्रावर चालतं आणि साधारण ३५४ दिवसांचं असतं. आपलं पंचांगही चंद्राचेच महिने मोजतं, पण दर अडीच-तीन वर्षांनी अधिक मास घालून श्रावणाला पावसाळ्यातच ठेवतं. हिजरी कालगणनेत अधिक मास नाही. त्यामुळे रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो आणि सगळ्या ऋतूंमधून फिरून येतो. २०२५ मध्ये तो १ मार्चला सुरू झाला, २०२६ मध्ये १८-१९ फेब्रुवारीच्या सुमारास. २०२७ मध्ये ८ फेब्रुवारीच्या आसपास आणि २०२८ मध्ये जानेवारीच्या अखेरीस येईल. २०३० मध्ये तर दोनदा येणार आहे, जानेवारीत आणि पुन्हा डिसेंबरच्या शेवटी.

नेमका दिवस आदल्या संध्याकाळी चंद्रदर्शनानंतर जाहीर होतो. तो देशागणिक वेगळा असू शकतो. २०२५ ची ईद सौदीत ३० मार्चला झाली आणि इजिप्तमध्ये ३१ ला. बुकिंग करताना पुढे-मागे एक दिवस मोकळा ठेवा.

सध्याची काही वर्षं प्रवाशांच्या पथ्यावर पडणारी आहेत. फेब्रुवारीत कैरोची दुपार वीस अंशांच्या आसपास असते आणि रोजा साधारण तेरा तासांचा. उन्हाळ्यातला रमजान याहून कितीतरी कडक जातो, पाळणाऱ्यांना आणि त्यांच्यासोबत फिरणाऱ्यांनाही.

दिवसा आम्हाला खायला मिळेल का?

मिळेल, पण रस्त्यावर नाही. हॉटेलचा नाश्ता नेहमीसारखाच असतो, क्रूझवर तिन्ही वेळा जेवण लागतं. पर्यटकांच्या भागातली काही रेस्टॉरंटं चालू असतात. बंद असतात त्या साध्या खाणावळी, टपऱ्या आणि कोशरीची (भात-मसूर-मॅकरोनीचा पदार्थ) बरीचशी दुकानं. म्हणजे स्वस्त आणि चविष्ट ते नेमकं दिवसा मिळत नाही. किराणा दुकानं आणि सुपरमार्केट उघडी असतात, तेव्हा फळं, पाव, दही घेऊन खोलीत ठेवा. नाश्ता भरपेट करा, दुपारी खोलीत हलकं काहीतरी खा आणि भूक संध्याकाळसाठी राखून ठेवा.

दशम्या, मेथीचे ठेपले, चिवडा बरोबर असला की दुपारची काळजी मिटते. आमच्याकडे एका सहलीत चकल्या होत्या. त्या लपूनछपून खाताना असा काही कुडुमकुडुम आवाज आला की पुढे बसलेला ड्रायव्हरच हसायला लागला.

रस्त्यात पाणी प्यायलो तर चालेल का? पोलीस पकडतील?

इजिप्तमध्ये परदेशी पाहुण्याने पाणी प्यायलं म्हणून कुणी पकडत नाही. देशात ख्रिश्चनांची, म्हणजे कॉप्ट लोकांची, मोठी वस्ती आहे, आणि कुणी रोजा धरलेला नाही हे लोकांना नवीन नाही. तरी भर बाजारात बाटली तोंडाला लावून उभं राहू नये. गाडीत बसा, भिंतीकडे वळा, दोन घोट घ्या, झालं. देवळांचे अवशेष बघताना उन्हात पाणी प्यायचं असेल तर खुशाल प्या, तिथे सगळे तेच करतात. सिगारेटचंही हेच. रोज्यात धूम्रपानही वर्ज्य असतं हे आपल्याकडच्यांना सहसा ठाऊक नसतं, आणि धुराचा वास पाण्याच्या बाटलीपेक्षा जास्त छळतो.

सगळीकडे मात्र इतकं सैल नाही. ओमान आणि कुवेतमध्ये रमजानात दिवसा सार्वजनिक ठिकाणी खाणं-पिणं हा कायद्याने गुन्हा आहे आणि तो परदेशी लोकांनाही लागू होतो. दुबईत २०२१ पासून रेस्टॉरंटांना दिवसा पडदे लावायची सक्ती राहिलेली नाही. इस्तंबूलमध्ये तर दिवसा बहुतेक सगळं उघडं असतं आणि रमजान जाणवतो तो रात्री, मशिदींच्या मिनारांमध्ये टांगलेल्या दिव्यांच्या अक्षरांतून. आखातातून कनेक्टिंग विमान असेल आणि मधल्या मुक्कामात शहरात जाणार असाल, तर तिथला नियम वेगळा बघून ठेवा.

आम्ही शाकाहारी आहोत. रमजानात हाल होतील का?

इजिप्त शाकाहाऱ्यांना वाटतो तितका परका देश नाही. फूल म्हणजे रात्रभर मंद आचेवर शिजवलेल्या बाकल्याच्या दाण्यांची, म्हणजे फावा बीन्सची, उसळ. वर लिंबू, जिरं, तेल. तामिया हे त्याच फावा बीन्सचे वडे, आतून हिरवेगार. कोशरीत भात, मसूर, मॅकरोनी, छोले, वर टोमॅटोची आंबट-तिखट चटणी आणि तळलेला कांदा. हे सगळं रमजानातही मिळतं, फक्त सूर्यास्तानंतर. फूल तर सहरीचं, म्हणजे पहाटे रोजा सुरू होण्याआधीच्या जेवणाचं, मुख्य खाणं, कारण ते पोटात टिकतं.

सावध राहायचं ते सूप आणि भरलेल्या भाज्यांबाबत. मुलूखिया या पालेभाजीचं हिरवं सूप बहुतेक वेळा कोंबडीच्या पाण्यात शिजवतात. महशी म्हणजे भात भरलेली वांगी, ढोबळी मिरची किंवा कोबी. दिसायला शाकाहारी, पण शिजलेली मटणाच्या रश्श्यात असू शकते. शिवाय 'मांस नको' म्हटलं की कोंबडी पुढे येते, कारण 'लहमा' म्हणजे त्यांच्या लेखी लाल मांस. 'बिला लहमा, बिला फिराख' असं दोन्ही म्हणा.

आता एक खास शब्द पाठ करून जा: सियामी. कॉप्ट ख्रिश्चनांच्या उपवासाच्या जेवणाला हे नाव आहे आणि त्यात मांस, अंडी, दूधदुभतं काहीच नसतं. त्यांचा ईस्टरपूर्वीचा मोठा उपवास ५५ दिवसांचा असतो, आणि २०२५ व २०२६ मध्ये तो रमजानाच्याच दिवसांत आला. एकाच इमारतीत वरच्या मजल्यावर रोजा आणि खालच्या मजल्यावर सियाम! 'मी शाकाहारी आहे' हे समजावत बसण्यापेक्षा 'अक्ल सियामी' म्हटलं की समोरच्याला लगेच उमगतं. फक्त काही उपवासांत त्यांना मासे चालतात, तेवढं विचारून घ्या.

आम्ही जैन आहोत. सूर्यास्ताआधी जेवण आटोपायचं असतं. कसं जमवायचं?

ज्या वेळेला तुम्हाला जेवून उठायचं असतं, नेमक्या त्याच वेळेला सगळं शहर जेवायला बसण्याच्या तयारीत असतं. सूर्यास्ताआधीच्या अर्ध्या-पाऊण तासात रेस्टॉरंटमध्ये टेबलं मांडलेली असतात, पण कुणी वाढत नाही. वेटरलाही रोजा असतो. तेव्हा त्या वेळेवर विसंबू नका. हॉटेलला आदल्या दिवशी सांगून चारच्या सुमारास खोलीत जेवण मागवा, किंवा स्वयंपाकघर असलेली जागा भाड्याने घेऊन स्वतः शिजवा. क्रूझवर हे त्यामानाने सोपं जातं, आधी कळवलं तर वेगळं ताट लावून देतात. कांदा-लसणाशिवाय हवं असेल तर ते लिहून द्या, तोंडी सांगितलेलं शेफपर्यंत पोचत नाही.

स्थळं बघायच्या वेळा किती बदलतात?

बरीचशी ठिकाणं दीड-दोन तास लवकर बंद होतात, काही तर दुपारी तीनच्या सुमारास. नेमक्या वेळा दर रमजानाला नव्याने जाहीर होतात, म्हणून जुन्या माहितीवर जाऊ नका. आमच्या पहिल्या सहलीत टूर कंपनीने संग्रहालय दुपारी चारला ठेवलं होतं. गेटवरच्या पहारेकऱ्याने घड्याळाकडे बोट दाखवून फक्त मान हलवली.

साधा नियम ठेवा: तिकीट लागतं ते सगळं सकाळी. गिझाच्या पिरॅमिडांशी उघडताक्षणी पोचा, तेव्हा गर्दीही कमी असते. ग्रँड इजिप्शियन म्युझियमचं औपचारिक उद्घाटन १ नोव्हेंबर २०२५ ला झालं आणि तूतनखामूनच्या थडग्यातल्या पाच हजारांहून अधिक वस्तू तिथे एकत्र मांडल्या आहेत. त्याला चार-पाच तास हवेतच, म्हणून पिरॅमिड आणि म्युझियम एकाच दिवशी कोंबू नका. लक्सरला राजांच्या दरीत पहाटेच निघायची पद्धत असते, त्यामुळे तिथे रमजानचा फरक सर्वांत कमी जाणवतो.

दुपारी झोपा. खरंच झोपा, कारण रात्री जागायचं आहे.

इफ्तारच्या वेळी आम्ही कुठे असावं?

रस्त्यात नसावं, एवढं नक्की. साडेतीन-चारपासून सगळं कैरो एकाच वेळी घराकडे निघतं. हॉर्न, घाई, उपाशी पोट, चहा-सिगारेट नाही, त्यामुळे वादावादीही याच वेळेत होते. मग मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या, अजानला दहा मिनिटं उरली की रस्ते रिकामे होतात. इतके, की एरवी ओलांडायला छाती लागते त्या रस्त्याच्या मधोमध उभं राहता येतं. त्या तासात टॅक्सी मिळत नाही आणि मिळालीच तर ड्रायव्हर भरधाव पळवतो. विमानतळावर जायचं असेल तर चारच्या आत तरी निघा, नाहीतर सातनंतर.

आम्ही एकदा याच वेळी टॅक्सीत अडकलो होतो. सिग्नलला एका पोराने खिडकीतून आत हात घालून ज्यूसची खोकी आणि खजुराच्या पुड्या मांडीवर टाकल्या आणि पुढच्या गाडीकडे धावला. रस्त्यात अडकलेल्यांचा रोजा वेळेवर सुटावा म्हणून लोक हे करतात, पैसे घेत नाहीत. आम्ही रोजा धरलेला नव्हता, पण 'नको' म्हणायची सोयच नव्हती. घ्यावं, 'शुक्रन' म्हणावं.

रोजा सोडण्याची वेळ गावागणिक वेगळी असते. संकष्टीला दिनदर्शिकेत पुणे, नागपूर, रत्नागिरीचे चंद्रोदय वेगवेगळे छापलेले असतात, तसाच हा प्रकार. तिथे महिन्याच्या वेळांचा तक्ता मिळतो, त्याला इमसाकिया म्हणतात. दुकानात, बँकेत, हॉटेलच्या काउंटरवर फुकट ठेवलेला असतो. पहिल्याच दिवशी एक घ्या आणि दिवसाचा बेत त्यावरून आखा.

जागा सुचवायची तर अल-अझहर पार्क. उंचावर आहे, खाली जुनं कैरो पसरलेलं, समोर किल्ला. सूर्य टेकला की एका मिनारावरून अजान सुरू होते, मग दुसऱ्या, मग शंभर ठिकाणांहून. तिथल्या रेस्टॉरंटमध्ये आधी बुकिंग करावं लागतं. किल्ल्यावरून रोजा सुटल्याची तोफ उडवायची जुनी प्रथा आहे. तोफेचं नाव हाजा फातमा. बरीच वर्षं ती गप्प होती, २०२१ मध्ये पुन्हा उडवली गेली.

कुणी इफ्तारला घरी बोलावलं तर जावं का?

जावं. ओळख दोन तासांची असली तरी बोलावतात आणि मनापासून बोलावतात. एकदा शिष्टाचार म्हणून बोलावलं जातं, दोन-तीनदा आग्रह झाला की खरं आमंत्रण समजावं. आपल्याकडेही याहून वेगळं काय असतं!

अजानच्या दहा-पंधरा मिनिटं आधी पोचा. उशीर अजिबात चालत नाही, कारण सगळं घर त्या क्षणाची वाट बघत असतं. रिकाम्या हाताने जाऊ नका. मिठाईच्या दुकानातून किलोभर कुनाफा किंवा बसबूसा बांधून घ्या. बसबूसा रव्याची, पाकातली, आपल्या जिभेला लगेच ओळखीची वाटेल. घरून काजूकतली किंवा बेसनाच्या वड्या नेल्या असतील तर उत्तमच.

समोर ताट वाढलेलं असलं तरी अजान होईपर्यंत हात लावायचा नाही. आधी खजूर आणि पाणी किंवा दूध, मग काहीजण नमाजाला उठतात, मग जेवण. ते उठले की आपण शांत बसावं, फोटो काढू नये. सरबतांत कमर-अद-दीन हे जर्दाळूचं असतं, करकदे जास्वंदीच्या जातीच्या फुलांचं, आणि तमर हिंदी चिंचेचं. तमर हिंदी म्हणजे 'हिंदुस्थानचा खजूर'. आपल्या चिंचेला अरबांनी दिलेलं हे नाव पुढे युरोपात गेलं आणि तिथलं 'टॅमरिंड' झालं. हे जेवताना सांगितलंत तर टेबलावर गप्पांना विषय मिळतो.

उजव्या हाताने खा. 'पाणीसुद्धा नाही?' हा प्रश्न त्यांना जन्मभर विचारला गेलेला असतो, तुम्ही विचारला नाहीत तर बरं वाटेल. घरातली एखादी बाई दिवसा खाताना दिसली तर कारण अजिबात विचारू नका. पाळी, गरोदरपण, आजार, प्रवास यांत रोज्यातून सूट असते.

रस्त्यावर मांडलेल्या लांबच लांब टेबलांवर आम्ही बसलो तर?

ती माइदत-अर-रहमान, दानशूर लोकांनी घातलेली पंगत. ती मुख्यतः गरीब, मजूर, वाटसरू यांच्यासाठी असते. परदेशी माणसाला हाका मारून बसवतात, पण फुकट जेवणाचा अनुभव म्हणून रोज तिथे जाऊन बसणं मला पटत नाही. आग्रह झाला तर खजूर-सरबत घ्या आणि जागा मोकळी करा. मतारिया भागात पंधराव्या रोजाला सगळा मोहल्ला गल्लोगल्ली टेबलं लावून एकत्र जेवतो. तिथे मात्र पाहुणे यावेत अशीच इच्छा असते.

रात्री काय बघायचं?

खान अल-खलीली आणि त्याला लागून असलेला अल-मुइझ रस्ता. नऊनंतर जा. दुकानांवर फानूस लटकत असतात. हो, आपल्या झुंबराच्या हंड्यांना म्हणतात तोच फानूस, इथे तो रंगीत काचांचा कंदील. दहाव्या शतकात फातिमी खलिफा अल-मुइझ कैरोत आला तेव्हा लोक कंदील घेऊन स्वागताला आले, अशी कथा सांगतात. आता फानूस पोरांच्या हातात असतो, गाडीच्या आरशाला टांगलेला असतो, गल्लीत दोरीवर असतो. दिवाळीतला आकाशकंदील महिनाभर लावून ठेवावा तसं दिसतं.

हुसेन मशिदीजवळ गर्दी प्रचंड असते. पाकीट पुढच्या खिशात ठेवा, लहान मुलांचा हात सोडू नका. कतायेफ खा. घावनासारखी एका बाजूने भाजलेली चकती, आत सुकामेवा किंवा साय, करंजीसारखी दुमडून तळलेली, पाकात घोळलेली. वेलदोडा घातला असता तर कोकणातली वाटली असती.

पहाटे अडीच-तीनला ढोल वाजतो तो कसला?

तो मसहराती. सहरीसाठी लोकांना उठवत गल्लीतून फिरणारा माणूस. 'इसहा या नायिम' म्हणजे 'ऊठ रे झोपलेल्या' असं म्हणत, कधी घरातल्या मुलांची नावं घेत जातो. आता मोबाइलचे गजर असल्याने त्याची गरज उरलेली नाही, तरी जुन्या वस्त्यांत तो येतो आणि महिन्याच्या शेवटी लोक त्याला पैसे देतात. आपल्या वासुदेवाची आठवण येते. झोपमोड होते म्हणून हॉटेलकडे तक्रार करू नका, वरच्या मजल्यावरची खोली मागा.

कपडे, मशिदी, दारू?

खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, बायकांना आणि पुरुषांनाही. सलवार-कमीज, कुर्ता-पँट उत्तम. मशिदीत जाताना ओढणी डोक्यावर. नमाज चालू असताना, विशेषतः शुक्रवारी दुपारी आणि रात्रीच्या तरावीहच्या (रमजानातल्या जास्तीच्या नमाजाच्या) वेळी, पर्यटक म्हणून आत जाऊ नये. सकाळी जा, सुलतान हसनच्या मशिदीत तेव्हा तुम्ही आणि चिमण्या एवढेच असता.

दारूची दुकानं महिनाभर बंद असतात. परदेशी पाहुण्याला मोठ्या हॉटेलात मिळते, इजिप्शियन नागरिकाला नाही. तुमच्याबरोबर इजिप्शियन मित्र असेल तर मागवूच नका, त्याची पंचाईत होते.

गाईड आणि ड्रायव्हरशी कसं वागावं?

तोही पहाटेपासून पाण्याशिवाय आहे आणि तुम्हाला रामसेसच्या गोष्टी सांगतो आहे, एवढं लक्षात असू द्या. दुपारी दोननंतर त्याला चढावर नेऊ नका. गाडीत तुम्ही खाल्लंत तर तो काही बोलणार नाही, पण आधी विचारलंत तर बरं. लांबचा प्रवास इफ्तारच्या वेळेवर येत असेल तर 'मध्ये थांबू, तुम्ही जेवून घ्या' हे आपणहून सांगा. रमजानात बक्षिशी थोडी सढळ द्यायची रीत आहे.

'रमदान करीम' म्हणा, उत्तर येईल 'अल्लाहु अकरम'. याहून गोड म्हणजे पुरुषाला 'कुल्ल सना व इन्ता तय्यब', बाईला 'कुल्ल सना व इन्ती तय्यबा'. दरवर्षी असेच खुशाल असा, असा अर्थ. ईदला, वाढदिवसाला, सगळ्याला चालतं.

मी स्वतः रोजे धरतो. मुंबईहून निघताना काय लक्षात ठेवू?

प्रवासात रोजा न धरता नंतर भरून काढायची सवलत आहेच. धरणार असाल तर पश्चिमेकडे जाताना दिवस लांबतो. थंडीच्या महिन्यांत कैरोची वेळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते, पण सूर्यास्ताचा फरक त्याहून कमी, म्हणजे सकाळच्या विमानाने गेलात तर रोजा साधारण अडीच-पावणेतीन तास वाढतो. विमानात मुंबईच्या घड्याळावर नाही, तुम्ही जिथे आहात तिथे सूर्य मावळल्यावर सोडायचा.

दुसरं, भारतात रमजान बऱ्याचदा एक दिवस उशिरा सुरू होतो. सुरुवात मुंबईत आणि ईद कैरोत केलीत तर तुमचे २८ रोजे भरू शकतात. अशा वेळी ईद स्थानिक लोकांबरोबर करून राहिलेला एक रोजा नंतर धरतात. शंका असेल तर निघण्याआधी आपल्या मौलानांना विचारा.

ईदच्या दिवसांत तिथे राहावं का?

भल्या सकाळची ईदची नमाज, नवे कपडे, साखर भुरभुरलेली काहक बिस्किटं, हे बघण्यासाठी एक दिवस जरूर राहा. त्यानंतर मात्र सगळा देश सुटीवर निघतो. तांबड्या समुद्राकाठची हॉटेलं, अलेक्झांड्रियाच्या गाड्या, आस्वानची रेल्वे, सगळं भरलेलं असतं. ही तिकिटं रमजान सुरू होण्याआधीच काढून ठेवा. आणि थोड्या कोऱ्या लहान नोटा जवळ असू द्या. मुलांना ईदिया, म्हणजे ईदीचे पैसे, द्यायची असते, आणि हॉटेलच्या लिफ्टवाल्याचं पोरगं त्या दिवशी नेमकं बापाबरोबर आलेलं असतं.